संत बाबा निधानसिंघजी : नांदेडच्या लंगराचे सेवेकरी

मराठवाड्याच्या यात्रेस निघणारे मुंबईकडील भाविक बहुधा परळी वैजनाथ, औंढा नागनाथ आणि माहूरची श्रीरेणुकामाता ही स्थाने योजून निघतात. नाहूर, भांडुप, मुलुंड या भागांतील मंडळी ठाण्यास वा कल्याणास गाडीत बसतात आणि मनमाडमार्गे नांदेडला येऊन उतरतात. पुष्कळांच्या लेखी नांदेड हा केवळ मुक्काम असतो. तथापि गोदावरीच्या तीरावरील ही नगरी शीख बांधवांच्या पाच तख्तांपैकी एका तख्ताचे स्थान आहे. सचखंड श्रीहजूर साहिबाचे दर्शन घेऊन भाविक लंगरात जातात, पंगतीत बसतात, तृप्त होऊन उठतात आणि पुढच्या गाडीची वेळ पाहू लागतात. नगीना घाटाजवळ लंगर साहिब येथे दिवसरात्र चालणारी ही पंगत ज्या सत्पुरुषाने मांडली, त्याचे नाव मराठी यात्रेकरूंस फारसे ठाऊक नसते. पंजाबात आणि नांदेडच्या शीख समाजात मात्र ते नाव घरोघरी आदराने घेतले जाते. ते नाव म्हणजे संत बाबा निधानसिंघजी.

बाबाजींचा जन्म पंजाबातील होशियारपूर जिल्ह्यातील नडालों या गावी सन १८८२ मध्ये झाला. घरची परिस्थिती साधी होती. शालेय शिक्षण म्हणावे असे झाले नाही, परंतु गुरुवाणीच्या श्रवण-पठणाची गोडी बालपणीच लागली. त्या काळी पंजाबातील अनेक तरुणांप्रमाणे तेही फौजेत भरती झाले आणि घोडदळात दाखल झाले. फौजेतील नोकरी म्हणजे नियमित पगार, गावात मान आणि वृद्धपणी निवृत्तिवेतन. शेतीवर पोट असणाऱ्या घरात अशी नोकरी सहसा कोणी सोडत नसे. निधानसिंघजींनी ती सोडली. मन नामस्मरणात रमले होते आणि दक्षिणेतील हजूर साहिबाची ओढ लागली होती. नोकरीचा राजीनामा देऊन त्यांनी नांदेडची वाट धरली.

ते कोणत्या स्थानी आले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. शिखांचे दहावे गुरू श्रीगुरु गोबिंदसिंघजी सन १७०८ मध्ये नांदेड येथे आले. येथेच माधोदास बैरागी त्यांना शरण गेला आणि पुढे बंदासिंघ बहादूर म्हणून इतिहासात प्रसिद्ध झाला. येथेच श्रीगुरु ग्रंथसाहिबास गुरुपद देऊन दशमेश गुरूंनी ऑक्टोबर १७०८ मध्ये देह ठेवला. परंपरा असे सांगते, की अखेरच्या दिवसांत गुरूंनी सोबतच्या बहुतेक शिखांना पंजाबात परत जाण्याची मुभा दिली, परंतु भाई संतोखसिंघ यांना येथेच राहून लंगर चालू ठेवण्याची आज्ञा केली. म्हणजे या तीर्थाच्या पायाशीच चूल आहे. पुढे पंजाबचे महाराजा रणजितसिंघ यांनी द्रव्य आणि कारागीर पाठवून सन १८३२ ते १८३७ या काळात सध्याची वास्तू उभारली. हा सर्व प्रदेश तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होता आणि पंजाब येथून शेकडो कोस दूर. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे नांदेडवरून जाऊ लागली आणि उत्तरेकडील यात्रेकरूंचा ओघ वाढला.

ओघ वाढला खरा, पण आलेल्या माणसाची सोय कोण पाहणार हा प्रश्न होताच. चार-पाच दिवसांचा प्रवास करून थकलेला, परमुलखातील भाषा न समजणारा, कनवटीस मोजके पैसे असलेला यात्रेकरू जेव्हा नांदेडला उतरे, तेव्हा त्याला हक्काने दोन घास मिळतील अशी कायमची व्यवस्था त्या काळी मोडकळीस आली होती, असे सांगितले जाते. दर्शनास आलेल्या भुकेल्याला अन्न शोधत फिरावे लागणे ही कोणत्याही तीर्थक्षेत्राची लाजच होय.

निधानसिंघजी नांदेडला आले तेव्हा त्यांच्या मनात संस्था, कारभार असे काही नव्हते. त्यांनी मिळेल ती सेवा पत्करली आणि तीही सर्वांत खालची. भांडी घासणे, झाडलोट करणे आणि गोदावरीचे पाणी वाहून आणणे हा त्यांचा नित्यक्रम होता. हजूर साहिबात पहाटेच्या प्रहरी गोदावरीचे जल घागरीने आणून तख्तसाहिबास स्नान घालण्याची परंपरा आहे. आजही ती अखंड पाळली जाते. आपल्याकडे काकडआरतीपूर्वी देवाच्या स्नानाचे पाणी आणणाऱ्या सेवेकऱ्याचे जे स्थान, तेच त्या घागरीचे. थंडीवाऱ्यात, पावसाळ्यातील चिखलात हा तरुण नदीवर जाई आणि पाणी आणी. घोड्यावर बसणारा फौजी आता खांद्यावर घागर वाहत होता. गावाकडील नातलगांना यात काय दिसले असेल, याची कल्पना करता येते.

अशी काही वर्षे गेली. मग एक वेळ अशी आली, की त्यांनी पंजाबात परत जाण्याचे ठरविले. कारण निरनिराळे सांगितले जाते. परंतु चरित्रकथा याबाबतीत एकमत आहेत, की ते निघाले आणि रेल्वे स्थानकापर्यंत पोहोचले. तेथे गाडीची वाट पाहत असताना त्यांना दशमेश गुरूंचे दर्शन झाले, अशी श्रद्धा आहे. गुरूंनी त्यांना परत फिरण्यास सांगितले आणि लंगर सुरू करण्याची आज्ञा दिली. आपण निर्धन आहोत, हे कार्य कसे होणार, ही शंका त्यांच्या मनी येणे स्वाभाविक होते. त्यावर गुरूंनी कामाची वाटणी करून दिली, असे परंपरा सांगते : राबणारा हात निधानसिंघांचा आणि खर्चाचा खिसा गुरूंचा.

या प्रसंगास कोणी दृष्टान्त म्हणेल, कोणी अंतःकरणाची हाक. श्रद्धावंतास दोहोंत फरक वाटत नाही. मात्र ही वाटणी नीट ध्यानात घेण्याजोगी आहे. अन्नदानाच्या कार्यात सामान्यतः खिसा आधी येतो. देणगीदार मिळाला की चूल पेटते, देणगी आटली की विझते. येथे क्रम उलटा होता. पैशाची चिंता जिच्यावर सोपविली ती सत्ता वेगळीच होती. माणसाने आणावयाचे होते ते फक्त दोन हात. निधानसिंघजींना लिहिण्या-वाचण्याची फारशी सवय नव्हती, हिशेबाची नव्हती, मोठ्यांच्या ओळखी नव्हत्या. हात तेवढे होते. स्थानकावर गेलेले निधानसिंघजी परतले आणि जन्मभरासाठी नांदेडचे झाले.

सन १९१२ च्या सुमारास लंगराची चूल पेटली. आरंभी भव्य असे काहीच नव्हते. बाबाजी स्वतः रानात जाऊन जळण आणीत, ते डोक्यावर वाहून आणीत, पीठ मळीत आणि येईल त्यास वाढीत, असे जुने लोक सांगत आले आहेत. कधी धान्य असे, कधी नसे. भुकेला मात्र रोज असे. हळूहळू यात्रेकरूंनी पाहिले, की येथे एक माणूस काही न मागता राबतो आहे. कोणी त्याच्या शेजारी बसून कांदा चिरू लागला, कोणी पाणी भरू लागला, कोणी परत जाताना पिठाचे पोते ठेवून गेला. पंजाबात परतलेल्या यात्रेकरूंनी ही वार्ता खेडोपाडी नेली आणि तिकडून गहू, डाळ, तूप, द्रव्य येऊ लागले. खिशाची बाजू अशी सांभाळली गेली.

लंगर हा शब्द मराठी कानाला अन्नछत्रासारखा वाटतो, आणि काही अंशी ते खरेही आहे. शेगाव, अक्कलकोट यांसारख्या आपल्या क्षेत्रीही असंख्य भाविक प्रसाद घेतात. तरी लंगराची घडण काहीशी निराळी आहे. श्रीगुरु नानकदेवांनी बालवयात व्यापारासाठी मिळालेले वीस रुपये भुकेल्या साधूंच्या भोजनात घातले, ही कथा प्रसिद्ध आहे. दुसरे गुरू श्रीगुरु अंगददेव यांच्या पत्नी माता खीवी लंगराची व्यवस्था स्वतः पाहत. त्यांच्या हातच्या तुपाळ खिरीचा उल्लेख प्रत्यक्ष गुरु ग्रंथसाहिबात आहे, आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या स्त्रीला धर्मग्रंथात असे स्थान क्वचितच मिळते. तिसरे गुरू श्रीगुरु अमरदास यांनी नियम घातला, की ज्यास गुरूंची भेट हवी त्याने आधी सर्वांसमवेत पंगतीत बसून जेवावे. बादशहा अकबरासही हा नियम लागू झाला, असे परंपरा सांगते. ज्या काळी कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे आणि कोणी कोणाच्या शेजारी बसावे याचे कडक निर्बंध होते, त्या काळी हा नियम किती धारिष्ट्याचा होता, हे सांगावयास नको.

पंगत हा शब्द उभय भाषांत एकच आहे, ही गोष्ट सुखावणारी आहे. संत नामदेव महाराजांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत आणि त्यांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी हे गाव नांदेडहून फार दूर नाही. नामदेवांनी मराठी मुलखातून पंजाबात नेलेली भक्ती आणि सुमारे साडेपाचशे वर्षांनंतर पंजाबातील एका सेवेकऱ्याने गोदातीरी मांडलेली पंगत, अशी ही देवघेव आहे.

बाबाजींच्या लंगरात जात, धर्म, प्रांत यांची विचारणा नव्हती. पंजाबी यात्रेकरू आले, तसे नांदेडचे मराठी, तेलुगू आणि उर्दू बोलणारे रहिवासीही आले. संस्थानी राज्यातील ते शहर होते आणि गरिबी उदंड होती. दुष्काळाच्या सालात आजूबाजूच्या खेड्यांतील माणसे शहराकडे येत. मागणाऱ्याला प्रथम तू कोण हे विचारावयाचे नाही, बसवावयाचे आणि वाढावयाचे, ही लंगराची रीत. कोणी फसवून दोनदा जेवला तर? या प्रश्नास लंगरात जागा नाही. दुसऱ्यांदा जेवणाऱ्यासही भूकच घेऊन आलेली असते, असे तेथे मानले जाते.

जवळपास याच सुमारास, सन १९०५ मध्ये, विदर्भातील एक परीट घरदार सोडून हाती खराटा घेऊन निघाला होता. श्रीसंत गाडगेबाबा गावात शिरत ते आधी गाव झाडीत. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतः झोपडीत राहिले आणि भाकरी मिळवली ती काम करून. दोघांची भेट झाली होती असे म्हणण्यास आधार नाही. परंतु खराटा आणि घागर ही दोन्ही साधने शेजारी ठेवली तर एकाच घरातील वाटतील.

लंगराबरोबर बाबाजींनी नांदेड परिसरातील गुरुद्वारांच्या बांधकामाचे आणि जीर्णोद्धाराचे कार्यही हाती घेतले. शीख परंपरेत अशा श्रमदानास कारसेवा म्हणतात. मजुरीच्या दराने नव्हे तर सेवेच्या भावनेने विटा, चुना, माती वाहिली जाते आणि श्रीमंत जमीनदार व त्याचा गडी एकाच रांगेत उभे राहून घमेले पुढे देतात. लंगर आणि कारसेवा ही एकाच कामाची दोन अंगे होत. दिवसभर घमेली वाहणाऱ्यांना लंगर जेवू घाली आणि जेवलेले पुन्हा घमेल्यास हात लावीत. बाबाजी स्वतः अखेरपर्यंत या रांगेत होते. पुढे त्यांच्याभोवती शिष्यांचा मेळा जमला, मोठमोठे लोक पाया पडू लागले, तरी राहणी बदलली नाही.

दिनांक ४ ऑगस्ट १९४७ रोजी नांदेड येथे बाबाजींनी देह ठेवला. वय पासष्ट होते. त्यानंतर अकराच दिवसांनी देश स्वतंत्र झाला आणि पंजाबची फाळणी झाली. ज्या मातीतून ते आले होते तेथील लक्षावधी कुटुंबे एका रात्रीत निर्वासित झाली. पुढे वाटेवाटेवरच्या गुरुद्वारांतील लंगरांनी यांतील किती जणांना जगविले, याची गणती कोणाजवळ नाही. मुंबईतही मुलुंड, सायन-कोळीवाडा अशा ठिकाणी फाळणीनंतर पंजाबी कुटुंबे स्थिरावली. हे सर्व पाहणे बाबाजींच्या वाट्यास आले नाही. नांदेडही तेव्हा निजामी राजवटीच्या अखेरच्या अस्वस्थ वर्षात होते. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. या सर्व धामधुमीतून लंगराची परंपरा टिकली आणि त्यांच्यामागून आलेल्या सेवेकरी महापुरुषांनी ती वाढविली.

पुढील काळातील दोन गोष्टी येथे नोंदविणे उचित होईल. अमृतसर ते नांदेड धावणाऱ्या सचखंड एक्सप्रेसमधील प्रवाशांना वाटेवरील काही स्थानकांवर लंगराचे भोजन दिले जाते. प्रवासी आपले डबे, ताटल्या घेऊन दारांशी येतात आणि फलाटावरील सेवादार गाडी सुटण्याच्या आत भराभर वाढतात. बाबाजींची कथा ज्या फलाटावर वळली, त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. दुसरी गोष्ट सन २०२० च्या टाळेबंदीतील. पंजाबातील हजारो यात्रेकरू त्या वेळी नांदेडला अडकून पडले आणि आठवडेच्या आठवडे त्यांच्या भोजनाची व्यवस्था लंगरातून झाली. त्याच दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातील करंजी येथे, नागपूर-हैदराबाद महामार्गालगत, नांदेडच्या लंगर साहिबाशी निगडित असलेल्या एका साध्या पत्र्याच्या शेडमधील लंगराने पायी गावी निघालेल्या मजुरांना, ट्रकचालकांना आणि गावकऱ्यांना जेवू घातले. दहा आठवड्यांत जेवलेल्यांचा आकडा वीस लाखांच्या घरात असल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले होते. जवळपास शेकडो किलोमीटर दुसरे अन्न नाही अशा रस्त्यावर हात आधी पुढे आले आणि खिसा मागाहून भरत गेला.

नांदेडला जाणाऱ्या भाविकांसाठी काही माहिती उपयुक्त ठरेल. गुरुद्वाऱ्यात प्रवेश करताना पादत्राणे जोडाघरात ठेवावीत, हातपाय धुवावेत आणि डोके रुमालाने वा पदराने झाकावे. तंबाखू, सिगारेट, मद्य जवळ बाळगू नये. लंगरात जमिनीवर अंथरलेल्या पट्ट्यांवर ओळीने बसावे. वयोवृद्धांना मांडी घालता येत नसल्यास सेवादारांना सांगावे, ते सोय करतात. ताटे प्रथम मांडली जातात, मग डाळ, भाजी, भात येतो. पोळीला तेथे परशादा म्हणतात. ती दोन्ही हात पुढे करून, प्रसाद म्हणून घ्यावयाची असते, आणि एक हात पुढे केला तर वाढणारा क्षणभर थांबतो. हवे तितके पुन्हा मागता येते, परंतु ताटात टाकू नये. भोजन शाकाहारी असते आणि त्याचे मूल्य नसते.

ज्यांस सेवा करण्याची इच्छा असेल त्यांनी कोणा अधिकाऱ्याचे पत्र आणण्याची गरज नाही. स्वयंपाकघराजवळील सेवादारास विचारावे, तो काम दाखवून देतो. भाजी निवडणे, लसूण सोलणे, पोळ्या लाटणे, पाणी वाढणे, ताटे घासणे ही कामे कोणासही करता येतात. शीख असण्याची अट नाही. स्त्रिया, पुरुष, मुले सर्वजण बसतात. नवख्या माणसाच्या पोळ्या वेड्यावाकड्या झाल्या तरी कोणी हसत नाही, त्याही तव्यावर जातात. ताटे घासण्याच्या हौदांपाशी सर्वांत अधिक गर्दी असते, हे पाहून नवीन यात्रेकरूंस नवल वाटते. चांगली सुस्थितीतील, मोटारीतून आलेली माणसे बाह्या सरसावून तेथे उभी असतात. जोडाघरात इतरांची पादत्राणे पुसून ठेवणे ही सेवाही मोठी मानली जाते. एक तास मिळाला तर एक तास, सकाळ मिळाली तर सकाळ, जेवढा वेळ असेल तेवढी सेवा करावी.

देणगी द्यावयाची असल्यास ती कार्यालयात पावती घेऊन देता येते. अनेक भाविक धान्य, डाळ, साखर, तेल अशा वस्तूही देतात. शीख परंपरेत उत्पन्नाचा दहावा भाग परोपकारार्थ काढण्याची रीत आहे, त्यास दसवंध म्हणतात. लंगराचा बराचसा भार अशा लहानमोठ्या देणग्यांवर चालतो. पंगतीत बसलेला मात्र आजचे अन्न कोणाच्या नावचे हे विचारीत नाही.

हजूर साहिब व लंगर साहिब ही स्थाने नांदेड रेल्वे स्थानकापासून जवळ असून रिक्षा सहज मिळते. नगीना घाट, बंदा घाट, हीरा घाट, माल टेकडी, शिकार घाट, संगत साहिब हे इतर गुरुद्वारे एका दिवसात पाहून होतात. यात्रेकरूंसाठी निवासाच्या खोल्याही आहेत, परंतु होळीच्या वेळचा होला महल्ला, दसरा आणि दिवाळी या काळात फार गर्दी असते, म्हणून आधी चौकशी करून जावे. माहूर व औंढा नागनाथ येथे जाण्यासाठी नांदेडच्या बसस्थानकावरून एसटीच्या गाड्या मिळतात. पहाटेची गाडी धरणाऱ्यांनी रात्रीच लंगरात जेवून घ्यावे. उशीर झाला तरी चिंता नसावी, लंगर साहिबाची चूल रात्रीही पेटलेली असते.